धक्क्यावरची मुलगी

४ जानेवारी

अहो,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची असते म्हणून नमस्कार. राग गेलेला नाही हेही इथेच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा गैरसमज व्हायला नको.

मी फोन का करत नाही, असं तुम्ही लेकीला विचारलंत म्हणे. कारण सांगते. फोनवर तुम्ही 'हं' म्हणता. मी चांगलं लांबलचक काहीतरी सांगावं आणि पलीकडून एक 'हं' यावा. त्या वेळी तुमच्या हातात भिंग असतं आणि समोर निगेटिव्ह, हे मला इथे बसून दिसतं. पत्राला 'हं' म्हणता येत नाही. ते एक तर वाचावं लागतं, नाहीतर फाडावं लागतं.

इथे धाकटीकडे माझं बरं चाललंय. तुमचे साडू निवृत्त झाल्यापासून घरातली एकेक वस्तू दुरुस्त करत सुटलेत. चांगला चालणारा पंखा त्यांनी परवा दुरुस्त केला, तेव्हापासून तो बंद आहे. धाकटी म्हणते, "ताई, तुझा नवरा निदान दिवसभर रस्त्यावर तरी असतो." मी म्हटलं, असतो, आणि मलाही उभं करतो.

आता मुद्द्याचं. तुमच्या फोटोंचं पुस्तक निघतंय याचा आनंद तुमच्याइतकाच मला झाला. पोटासाठी तुम्ही स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढलेत आणि उरलेला सगळा वेळ रस्त्यावरच्या माणसांमागे घालवलात. नातेवाईक यायचे, ती खोकी उघडून बघायचे आणि म्हणायचे, "यात आहे काय? ना ओळखीचं माणूस, ना धड कार्यक्रम." त्या खोक्यांना वाली मिळाला म्हणून मी घरभर नाचायचीच बाकी होते. पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बोटीच्या धक्क्यावरच्या त्या मुलीचा फोटो जाणार असेल, तर मी त्या घरात परत पाऊल टाकणार नाही. हे मी निघताना दारात उभी राहून बोलले होते. तेव्हा टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून आता लेखी देते.

तुम्ही म्हणता, तू मला कधी सांगितलंच नाहीस. मी सांगितलं होतं. त्याच दिवशी, धक्क्यावरून घरी येताना, बसमध्ये. मी म्हटलं, "त्या मुलीला मी शब्द दिलाय. तिचा फोटो छापायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही." तुम्ही रोलच्या डबीचं झाकण लावत होतात. तुम्ही 'हं' म्हणालात.

तो 'हं' मी होकार म्हणून धरला आणि इतकी वर्षं निर्धास्त राहिले.

तुमची,
रागावलेलीच

१५ जानेवारी

अहो,

तुमचं पत्र आलं. पाठपोट भरून लिहिलेलं पाहून धाकटीला वाटलं, घरात कुणाचं तरी बरंवाईट झालं. मी वाचून दाखवलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

प्रत्येक फोटोखाली दोन ओळी हव्यात आणि त्या तुम्हाला सुचत नाहीत. सुचतील कशा? त्या माणसांबद्दल तुम्हाला काही ठाऊकच नाही. मी मदत करावी असं तुम्ही विनंतीच्या सुरात लिहिलंय. हा सूर तुम्हाला जमतो हे लग्नानंतर आज पहिल्यांदा कळलं.

प्रकाशकांकडची ती चष्मेवाली मुलगी, जी पुस्तकाची पानं लावतेय, तिला तुम्ही सांगितलंत का, हे फोटो कसे काढले ते? नसेल तर एवढा भाग तिला वाचून दाखवा. मी पुढे उभी राहायची. तुम्ही कॅमेरा माझ्यावर रोखायचात, "जरा डावीकडे, हस की थोडं" असं चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचात, आणि फोटो काढायचात माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाचा. नवरा बायकोचा फोटो काढतोय म्हटल्यावर लोक क्षणभर बघायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. कुणी ताठ व्हायचं नाही, कुणी केस सारखे करायचं नाही. हसावं लागायचं ते मला. दाढ ठणकत असतानाही मी हसलेय. तुमच्या प्रत्येक निगेटिव्हच्या कडेला माझा कान, अंबाडा नाहीतर अर्धा खांदा आहे, सगळं धूसर. छापताना तेवढं तुम्ही कापून टाकायचात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. माझा कान काही कौतुकाने बघावा असा नाही.

फोटो झाला की तुम्ही रोल बदलायला आडोशाला जायचात आणि मी मागे वळून त्या माणसाशी बोलायला. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की तुम्हाला घाम फुटतो. मला वाटायचं, न विचारता एखाद्याचा चेहरा उचलून न्यायचा, तर निदान त्याची विचारपूस तरी करावी. बहुतेकांना मी फोटोचं सांगूनही टाकायची. कुणी खूश व्हायचं, कुणी पत्ता देऊन प्रत मागायचं. त्या प्रती पोस्टात कोण टाकायचं, हेही त्या मुलीला सांगा.

तर घ्या ओळी. खुर्चीत झोपलेला न्हावी झोपलेला नाही. त्याचा हात थरथरायला लागला होता, आणि त्याचा मदतनीस त्याची दाढी करतोय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गालावर वस्तरा फिरवलेल्या माणसाला स्वतःचा गाल पुढे करायचा संकोच वाटत होता, म्हणून त्याने डोळे मिटलेत. बाकावर बुद्धिबळ खेळणारे दोघे सख्खे भाऊ आहेत. त्यांचं बोलणं बंद होतं, डाव मात्र रोज मांडायचे. शह दिला तरी तोंडाने म्हणायचे नाहीत, बोटाने दाखवायचे. खिडकीची काच डोक्यावर घेऊन जाणारी बाई हसतेय, कारण तिच्या नवऱ्याने चुकीचं माप सांगितलं होतं आणि ती काच परत करायची तिची तिसरी खेप होती. बाकीच्यांचं वेगळ्या कागदावर लिहून पाठवते. हे सगळं पुस्तकासाठी मनापासून करतेय. त्यात राग मध्ये आणणार नाही.

आणि आता ती मुलगी. तेव्हा बसमध्ये सांगितलं ते पुन्हा सांगते, या वेळी हातात डबी नाही असं समजून.

ती लोखंडी ट्रंकेवर बसून संत्रं सोलत होती आणि एकटीच हसत होती. तुम्हाला तिच्यात काय दिसलं ते मला कळतं. इतकं मोकळं हसणारं माणूस रस्त्यावर क्वचित सापडतं. मी जवळ गेले, फोटोचं सांगितलं, आणि तिचं हसू एकदम मावळलं. तिने माझं मनगट धरलं. ती घरात न सांगता निघून आली होती. पलीकडच्या शहरात नर्सचं शिक्षण घ्यायला तिला प्रवेश मिळाला होता आणि वडिलांनी साफ नाही म्हटलं होतं. ती पळेल म्हणून चपलासुद्धा लपवल्या होत्या. शेजारणीच्या चपला घालून आली होती ती, मापाला मोठ्या. म्हणाली, "फोटो कुठे दिसला तर बाबा माग काढत येतील आणि मला ओढत घरी नेतील. ताई, कुणाला दाखवू नका. कधीच नका." मी म्हटलं, नाही दाखवणार. "कधीच?" "कधीच."

मग तिने अर्धं संत्रं माझ्या हातात ठेवलं. ते मी बसमध्ये तुम्हाला दिलं आणि तुम्ही खाल्लंत. तेव्हा त्या शब्दाचे भागीदार तुम्हीही आहात.

तुमची,
अजून तशीच

२ फेब्रुवारी

अहो,

मुखपृष्ठ तेच ठेवायचं आणि पुस्तक मला अर्पण करायचं, हा तुमचा तोडगा वाचला. म्हणजे शब्द मोडायचा आणि वर पहिल्या पानावर मला बसवायचं. अशी बोळवण करून घ्यायला मी लहान आहे का? धाकटीच्या नवऱ्याला दाखवला तुमचा तोडगा. ते म्हणाले, "दुरुस्ती करता येईल यात." तेव्हाच ओळखा त्यात किती दम आहे.

दुसरा मुद्दा, की तीसेक वर्षं झाली, ती आता आजी झाली असेल, तिचे वडील हयात नसतील, कोण कुणाला ओळखणार. असेल, नसतील. मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. शब्द दिला तेव्हा त्याला मुदत घातली नव्हती. घातली असती तर मीच तुम्हाला म्हटलं असतं, छापा.

तिसरा मुद्दा वाचताना मात्र मी चष्मा काढून बाजूला ठेवला. तो फोटो नसेल तर पुस्तकाचा पुन्हा विचार करावा लागेल, असं प्रकाशक म्हणाले. त्यांनी त्या एका फोटोवर भुलून बाकीची खोकी उघडली होती, हे मलाही माहीत आहे. सत्तरी जवळ आल्यावर दाराशी आलेली गोष्ट आहे ही. तुम्ही रात्री झोपत नाही, जेवण टाळता, असं लेक सांगत होती. मला फार वाईट वाटतं हो. तुम्हाला वाटत असेल, ही तिकडे बसून हट्टाला पेटलीय. तुमचं पुस्तक निघावं असं माझ्याइतकं कुणाला वाटत असेल? मी त्या फोटोंसाठी उन्हातान्हात उभी राहिलेय. पण ज्या माणसांना तुम्ही नुसतं पाहिलंत, त्यांच्याशी मी बोललेय. मला तिचं मनगट धरणं आठवतं.

परवानगी द्यायची तर ती देईल. माझ्याकडे काय मागता?

जेवत जा.

तुमची

२० फेब्रुवारी

अहो,

हे पत्र घाईत लिहितेय.

लेकीचा फोन आला होता. घाबरून म्हणाली, "आई, बाबा अनोळखी लोकांशी बोलतायत." डॉक्टरांना दाखवावं का, असं विचारत होती. मग सगळं कळलं. तुम्ही रोज त्या मुलीच्या फोटोची प्रत घेऊन धक्क्यावर जाता, तिकिटाच्या खिडकीवर, चहाच्या टपरीवर, हमालांना दाखवता आणि विचारता, हिला कुणी ओळखता का. एका हमालाने म्हणे विचारलं, "काय काका, बायको सोडून गेली का?" आणि तुम्ही म्हणालात, "हो."

लेक हे हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. फोन ठेवला आणि कागद घेऊन बसले.

परवानगी तिची लागते असं मी लिहिलं आणि तुम्ही तिला शोधायला निघालात. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला रस्ता विचारला नाही, तो माझ्या एका वाक्यावर गाव पालथं घालतोय, हे काय मला कळत नाही? पण तुम्ही करताय काय, त्याचा विचार केलात का? जो फोटो कुणाला दाखवायचा नाही, तो दाखवायची परवानगी मिळावी म्हणून तुम्ही तो सगळ्या धक्क्याला दाखवताय. असला घोळ एखादा फोटोवालाच घालू शकतो.

लगेच थांबा. लेकीलाही सांगितलंय तुम्हाला अडवायला, पण तुम्ही फोन घरी ठेवून जाता आणि ती ऑफिसातून निघेपर्यंत तुम्ही परतलेले असता. पत्र मिळताच तो फोटो घरात ठेवा.

तुमची

६ मार्च

अहो,

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आधी उभ्याने, मग बसून, मग धाकटीला वाचून दाखवायला गेले आणि अर्ध्यावर कागद तिच्याच हातात दिला.

माझं पत्र तुम्हाला एक दिवस उशिरा मिळालं. त्याच्या आदल्या सकाळी टपरीवाल्याने तुम्हाला सांगितलं, की तो काठीवाला म्हातारा बघा, रोज पहिल्या बोटीला येऊन बसतो, त्याला इथला सगळा इतिहास पाठ आहे. आणि तुम्ही जाऊन फोटो त्याच्या हातात दिलात. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फोटो अगदी डोळ्यांजवळ नेला. "ही कुठे असते आता?" त्याने विचारलं. आणि तुम्हाला कळलं, की तिला ज्याच्यापासून लपवायचं होतं, त्याच्याच हातात तुम्ही तिचा फोटो दिलाय.

तुम्हाला खोटं बोलता येत नाही. वाढदिवसाची भेटसुद्धा तुमच्याच्याने आदल्या दिवशीपर्यंत लपत नाही. आणि तुम्ही म्हणालात, "ही माझी बायको. तरुणपणीचा फोटो आहे. रागावून बहिणीकडे गेलीय, म्हणून विचारत फिरतोय."

तो बराच वेळ फोटो बघत राहिला. मग म्हणाला, "माफ करा. माझी मुलगी हुबेहूब अशी होती." आणि फोटो परत दिला.

पुढचं तुमच्याच शब्दांत उतरवते, कारण ते मला सारखं वाचावंसं वाटतं. 'पाण्यावरून उजेड त्याच्या चेहऱ्यावर येत होता. असा चेहरा पुन्हा माझ्यासमोर येणार नाही हे मला कळत होतं. कॅमेरा गळ्यात होता, हात त्याच्यावर गेलाही होता. मी हात खिशात घातला.'

घरी येऊन तुम्ही ती प्रत फाडलीत आणि प्रकाशकांना फोन केलात, की धक्क्याचा फोटो पुस्तकात नाही, मुखपृष्ठावर नाही, कुठेच नाही. ते चिडले. मग त्या चष्मेवाल्या मुलीने त्यांची समजूत घातली, न्हाव्याचा फोटो पुढे केला, आणि पुस्तक लहान होणार, प्रती निम्म्या निघणार, एवढ्यावर गाडं आलं. तुम्ही लिहिलंय, 'चालेल.' तुम्हाला तो शब्द लिहायला किती जड गेला असेल ते मला समजतं. अक्षर सांगतंच.

माझा राग गेला, हे स्वच्छ लिहिते. तो कधी गेला ते मला सांगता येणार नाही, पण पत्र वाचून होईपर्यंत तो नव्हता.

तुम्ही विचारलंय, मी बरोबर केलं का. तिला कळवायचं असतं तर तिने इतक्या वर्षांत कळवलं असतं. तिने नाही कळवलं, तेव्हा आपण कोण सांगणारे? हे झालं एक. आणि तो माणूस अजून रोज पहिल्या बोटीला येऊन बसतो, हे दुसरं. तो मुलीला ओढत न्यायला बसत असेल असं मला वाटत नाही. ओढण्याचं वय राहिलं नाही त्याचं. पण बाप कसा होता ते मला काय माहीत? दोन्ही गोष्टी मनात घेऊन मी कालपासून भाज्या चिरतेय. धाकटी म्हणाली, "ताई, एवढी भाजी कुणाला?"

मी परत येतेय. पुस्तक छापून होताना तुम्ही परगावच्या छापखान्यात हजर राहायचं ठरलंय ना, तुम्ही जा. माझ्यासाठी थांबू नका. काळा रंग नीट उतरतोय की नाही ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार? किल्ली शेजारी ठेवा. मी आले की आधी त्या माणसाजवळ जाऊन बसणार आहे. तुम्ही त्याचा फोटो काढला नाहीत ते उत्तम केलंत. पण विचारपूस राहिली.

त्याच्याशी काय बोलायचं ते मी ठरवलेलं नाही. ठरवून मला बोलता येत नाही, हे तुम्ही नेहमी म्हणता.

तुमचीच

१९ मार्च

अहो,

घरून लिहितेय. छापखान्याच्या पत्त्यावर पत्र मिळेल ना? सिंकमधल्या भांड्यांबद्दल तुम्ही आल्यावर बोलू. डार्करूम मात्र लखलखीत ठेवलीत. तिथे जेवला असतात तरी चाललं असतं.

आज सकाळी धक्क्यावर गेले. पहिली बोट यायची होती. काठीवाले गृहस्थ शेवटच्या बाकावर बसले होते, अगदी तुम्ही लिहिलंत तसे, इस्त्रीचा शर्ट, वरपर्यंत बटणं लावलेली. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. जरा वेळाने त्यांनीच विचारलं, "कुणाला घ्यायला आलात?"

मी म्हटलं, "नाही. आमचे हे फोटो काढतात. ते भेटले होते तुम्हाला."

"हो," ते म्हणाले. "त्यांची बायको रागावून गेली होती."

"आले परत."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. ती मुलगी उंच, लांब मानेची. मी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही माझ्यावर कधी फोकस केला नसला तरी. माणूस कितीही म्हातारं झालं तरी त्याची हाडं बदलत नाहीत. मला वाटलं, आता हे उठून ओरडणार, की का फसवता मला.

"म्हणजे तो फोटो तुमचा," ते म्हणाले.

मी मान हलवली. तोंडाने हो म्हणायचा धीर झाला नाही.

बोट लागली. माणसं उतरायला लागली आणि ते एकेकाकडे बघत होते, बायकांकडे जास्त. तरुण मुलींकडे नाही, पन्नाशीच्या आसपासच्या बायकांकडे. म्हणजे त्यांनी हिशेब ठेवला होता, तिचं वय आता किती असेल त्याचा. शेवटचा माणूस उतरून गेला तेव्हा त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"त्या दिवशी कशाला हसत होता तुम्ही?"

तेव्हा मला कळलं. ती मी नव्हे, हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं होतं. तुमचं खोटं तर त्यांनी त्या दिवशीच ओळखलं असेल. कुणीतरी त्यांच्या मुलीचं गुपित राखतंय हे त्यांना समजलं होतं आणि ते त्यांना मोडायचं नव्हतं. मला तिच्याबद्दल सांगायला लावायचं नव्हतं. म्हणून ते मलाच ती समजून विचारत होते.

मी सांगितलं. तुम्हाला हे माहीत नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत, पण ती का हसत होती ते तिने मला सांगितलं होतं. मी म्हटलं, "तिकीट काढताना खिडकीवरचा माणूस म्हणाला, परतीचंही घेऊन ठेवा, स्वस्त पडेल. मी म्हटलं, परतीचं नको. तो म्हणाला, मग याल कशा? त्याला माझी इतकी काळजी वाटली, की मला हसूच आवरेना."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "भीती नाही वाटली?"

"वाटली. हातपाय गार पडले होते. पण हसू थांबत नव्हतं."

"घरच्यांचा राग आला असेल."

मी म्हटलं, "त्यांनी चपला लपवल्या होत्या."

"माळ्यावर," ते म्हणाले. "पत्र्याच्या डब्यात."

बोटीवर नवी माणसं चढत होती, कुणाचं सामान, कुणाची सायकल. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती पुसत नव्हते, कारण पुसली असती तर त्यांचं लक्ष गेलं असतं. त्यांचे डोळे कोरडे होते. ते पाण्याकडे बघत होते.

"मग शिकलात का?" त्यांनी विचारलं. आवाज इतका हळू, की मला पुढे वाकावं लागलं.

अहो, हे मला कुठे माहीत होतं? ती ट्रंक उचलून बोटीवर चढली, मोठ्या चपलांमुळे एकदा अडखळली, आणि बोट गेली. त्यापुढचं मला काहीएक ठाऊक नाही. ती शिकली, की अर्ध्यावर सोडलं, की तिच्या नशिबात आणखी काही आलं, सगळा अंधार. आजवर मी कुणाचीही विचारपूस केली ती खरी केली, आणि तुमच्या फोटोंखाली लिहिलेली एकही ओळ मी मनाने रचलेली नाही. पण ते माझ्याकडे बघत होते. बोट लागल्यापासून पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं. "शिकले."

त्यांनी डोळे मिटले. काठीवरची त्यांची पकड सैल झाली.

"बरं झालं," ते म्हणाले. "बरं झालं, माझं ऐकलं नाहीस."